दप्तरदाखल न करावयाचे दुखणे

सरकारी कचेरीत उभी हयात काढलेल्या माणसास एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती ही की, अर्जदाराने जी तक्रार पुढे चालविण्याचे सोडून दिले, ती खरी होती की खोटी आणि तिच्या मुळाशी काय होते, याची चौकशी करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. "तक्रार शिल्लक नाही, सबब प्रकरण दप्तरदाखल" असा शेरा पडतो आणि मिसल कपाटात जाते. शरीराच्या तक्रारींचा निकालही आपण बहुधा याच शिरस्त्याने लावीत असतो. ताप उतरला, पुरळ मावळले, अन्न गोड लागू लागले, म्हणजे रोग गेला, अशी रुग्णाची, त्याच्या घरच्या माणसांची आणि क्वचित कामाच्या रगाड्यात सापडलेल्या डॉक्टरांचीही समजूत होते, व शंभरांतील नव्वद दुखण्यांत ती खरीही ठरते. परंतु काही थोडी दुखणी अशी असतात की, त्यांत तक्रार मिटणे आणि तक्रारीचे कारण मिटणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी असतात. इतकेच नव्हे, तर तक्रार जितक्या झटपट मिटते तितकी कारणाची चौकशी मागे पडण्याची धास्ती अधिक. मला झालेले दुखणे या जातीचे होते, आणि ते विरळा असल्यामुळे त्याची कैफियत इतरांच्या उपयोगी पडावी, या हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

या दुखण्यास वैद्यकात स्वीट सिंड्रोम असे म्हणतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील प्लिमथ येथे त्वचारोगतज्ज्ञ असलेले डॉ. रॉबर्ट डग्लस स्वीट यांनी १९४९ पासूनच्या पंधरा वर्षांत आपल्या पाहण्यात आलेल्या आठ स्त्रियांची हकीकत एकत्र करून १९६४ साली ती त्वचारोगविषयक एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. एकाएकी चढणारा ताप. चेहरा, मान, दंड, हात यांवर उठणारे लालभडक, फुगीर आणि बोट लावू न देणारे चट्टे. आणि त्या चट्ट्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला असता तेथे दिसणारी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींची दाट गर्दी, ही त्या सर्वजणींत आढळलेली लक्षणे होत. न्यूट्रोफिलांचे काम जंतूंशी झुंजण्याचे. तेव्हा जेथे त्या एवढ्या संख्येने गोळा झाल्या तेथे जंतू असावयास हवेत, असे कोणीही म्हणेल. पण येथे जंतू सापडत नाहीत, आणि म्हणून जंतुनाशक औषधांचा कितीही मारा केला तरी गुण येत नाही. उलट, जे औषध जंतूंच्या विकारात एरवी जपून द्यावे लागते, त्या स्टेरॉइडच्या गोळीने हे चट्टे एक-दोन दिवसांत ओसरू लागतात.

यातील बहुसंख्य रुग्णांत मागे गंभीर असे काही नसते. घसा येऊन गेलेला असतो, आतड्याचा दाह असतो, गर्भारपण असते, किंवा एखादे औषध बाधलेले असते. परंतु सुमारे एक पंचमांश रुग्णांत कोठेतरी कर्करोग दडलेला असतो, आणि अशा रुग्णांपैकी फार मोठ्या वाट्यात तो रक्ताचा असतो: तीव्र स्वरूपाचा मायलॉइड ल्युकेमिया, किंवा ज्याच्या पोटी पुढे हा ल्युकेमिया जन्म घेऊ शकतो असा अस्थिमज्जेचा बिघाड, ज्याला मायलोडिस्प्लासिया म्हणतात. कातडीवरचे चट्टे कधी या रोगाचे निदान होण्याच्या आधी उठतात, कधी त्याच्याबरोबर, कधी उपचारानंतर रोग उलटल्याची इतल्ला म्हणून. माझ्या बाबतीत ते आधी उठले, आणि ते कशाची खबर घेऊन आले आहेत हे कळेपर्यंत बराच काळ गेला.

भूमी अभिलेख खात्यातून सेवानिवृत्त होऊन मी सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी राहावयास आलो, त्याला तेव्हा काही वर्षे झाली होती. प्रकृती तशी बरी होती. चढण चढताना दम लागे, चेहरा जरा फिकट दिसे, पण पासष्टी ओलांडलेल्या माणसाने याचे आश्चर्य करावे असे काही नव्हते. त्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत अंगात ताप भरला, आणि दुसऱ्या दिवशी उजव्या हाताच्या पाठीवर, मनगटापाशी आणि मानेवर तांबडे चट्टे उठले. ते वरून पाण्याने भरल्यासारखे दिसत, पण हाताला घट्ट लागत. सदऱ्याची कॉलर मानेला लागली तरी कळ उठे. शेतात काहीतरी चावले असावे, असा पहिला तर्क निघाला. आमच्या आत्याबाईंनी, ज्यांचे वय नव्वदीच्या घरात होते, "हे धावरे आहे" असे ठामपणे सांगून गेरूचा लेप उगाळला. लेप थंड लागला, यापलीकडे त्याची बरी किंवा वाईट कामगिरी मला नोंदविता येत नाही. एका दूरच्या नातलगाने मात्र आवाज खाली आणून रक्तपितीची, म्हणजे कुष्ठरोगाची, शंका बोलून दाखविली, आणि तेवढ्यावरून आमच्या घरी येणाऱ्यांची संख्या काही दिवस कमी झाली.

ही शंका गावंढळ म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. कुष्ठरोगावर उपचार चालू असताना काही रुग्णांच्या अंगावर ज्वरासह दुखऱ्या गाठी उठतात, त्या वरवर पाहता अशाच दिसतात, आणि आपल्या देशात कोणताही जाणता डॉक्टर प्रथम त्या दिशेने पाहिल्याखेरीज राहणार नाही. माझीही तशी तपासणी झाली आणि निष्पन्न काही झाले नाही.

पुढे ताप हटेना म्हणून मला एका खासगी रुग्णालयात दाखल करण्यात आले. कातडीखाली जंतू शिरले आहेत, असे निदान होऊन शिरेतून जंतुनाशके सुरू झाली. निदान चूक असले तरी ते अविचाराचे नव्हते, कारण ताप, लाली, सूज, वेदना आणि वाढलेल्या न्यूट्रोफिल हे सारे साक्षीदार एकाच बाजूने बोलत होते. हाताच्या पाठीवरील सूज वाढली तेव्हा आत पू असावा म्हणून तेथे छेद देण्यात आला. पू निघाला नाही. जो द्रव निघाला तो जंतूंच्या तपासणीसाठी गेला आणि त्यात काही वाढले नाही. जखम मात्र भरून येण्याऐवजी कडेने जांभळी पडून पसरू लागली. याच दरम्यान आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती: सलाइनची सुई जेथे जेथे टोचली, तेथे तेथे दुसऱ्या दिवशी नवा लाल उंचवटा उठे. परिचारिका शीर बदलीत, आणि नव्या शिरेपाशी तोच प्रकार होई. मी हे बोलून दाखविले तेव्हा "वयामुळे शिरा नाजूक झाल्या आहेत" असे उत्तर मिळाले.

पुढे मला कळले की, टोचल्या किंवा कापल्या जागी रोगाने उसळून उठणे हे या विकाराचे एक ओळखीचे लक्षण आहे, आणि कापून साफ करण्याच्या प्रयत्नात रोग वाढल्याची, मग आणखी कापण्याची, अशी उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. तथापि यावरून कोणी शस्त्रक्रियेस नकार द्यावा, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ काढू नये. कातडीखाली भराभर पसरणारा, मांस कुजविणारा खरा जंतुसंसर्गही असाच दिसू शकतो, आणि त्यात काही तासांचा विलंबही प्राणावर बेततो. तेथे सुरीच जीव वाचविते. रुग्णाच्या हाती आहे ते इतकेच की, सुईच्या जागा कशा फुलल्या हे शल्यचिकित्सकास न विचारता सांगावे, आणि छेद देणारच असाल तर कडेचा एक तुकडा जंतूंच्या तपासणीस व दुसरा तुकडा कातडीच्या सूक्ष्म तपासणीस पाठवावा, अशी विनंती करावी. या विनंतीचा राग येणारा डॉक्टर मला अद्याप भेटलेला नाही.

अखेर एका वयस्क फिजिशियनांनी, जंतुनाशकांचा उपयोग होत नाही हे पाहून, स्टेरॉइड सुरू करण्याची तजवीज केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप नव्हता. तिसऱ्या दिवशी मान वळविता आली. आठवड्याच्या आत चट्ट्यांच्या जागी तपकिरी डाग तेवढे उरले, आणि हाताची जखमही सुकू लागली. रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर निदानाच्या रकान्यात "ॲलर्जी" असे लिहिलेले होते. घरी सत्यनारायण झाला, आत्याबाईंनी गेरूला श्रेय दिले, आणि प्रकरण दप्तरदाखल झाले.

गोळ्यांची मात्रा उतरवीत नेऊन त्या बंद झाल्या, त्यानंतर काही आठवड्यांतच चट्टे परतले. या खेपेस डोळेही लाल झाले व दुखू लागले. गावात डोळ्यांची साथ होतीच, तेव्हा डोळे आले असे सर्वांनी गृहीत धरले. डोळ्यांची ही लाली, तोंडातील व्रण, सांध्यांची ठणक, क्वचित फुप्फुसातील दाह, ही सारी एकाच रोगाची अंगे असू शकतात, हे तेव्हा आमच्यापैकी कोणास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आळीतील हितचिंतकांनी एकच सल्ला दिला: जुनी चिठ्ठी मेडिकलच्या दुकानात दाखवावी आणि त्याच गोळ्या आणाव्यात, उगाच पुण्याच्या खेपा कशाला? व्यवहारतः हा सल्ला किती मोहक होता, हे ज्याने ते चट्टे सोसले आहेत त्यालाच कळेल. गोळी स्वस्त, दुकान समोर, आणि गुण हमखास. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र चिठ्ठी पेटीत घातली आणि सांगितले, "हे का होतंय ते कळल्याशिवाय आता गोळी नाही. गोळीनं गेलं तर परत आलं कशाला?" वैद्यकाचे कोणतेही शिक्षण नसलेल्या बाईने विचारलेला हा प्रश्न त्या साऱ्या काळात विचारल्या गेलेल्या प्रश्नांत सर्वांत नेमका होता, असे मला आजही वाटते.

तालुक्याच्या डॉक्टरांनी आम्हांस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात धाडले. तेथील ज्या विभागापुढे आम्हांस उभे राहावयाचे होते त्याच्या पाटीवर त्वचेबरोबर गुप्तरोग आणि कुष्ठरोग यांचीही नावे होती. ही तिन्ही कामे एकाच खात्याकडे असणे वैद्यकाच्या दृष्टीने स्वाभाविक असले, तरी त्या पाटीखाली रांगेत उभे राहण्याचा संकोच कितीतरी लोकांस, विशेषतः स्त्रियांस, माघारी धाडतो. आमच्या मागची एक बाई ओळखीचे कोणी दिसताच पदर ओढून रांगेतून निघून गेली, ती पुन्हा आली नाही. परंतु अंगावरच्या न समजणाऱ्या पुरळाचा उलगडा जेथे होण्याचा सर्वाधिक संभव आहे आणि जेथे खर्चही थोडा, अशी जागा हीच आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

तेथील डॉक्टरबाई वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी चट्टे पाहिले, सुईच्या जागांविषयी स्वतःहून विचारले, आणि म्हणाल्या, "काका, हा दंडावरचा चट्टा कालचाच आहे ना? मग तुकडा आजच घेऊ. गोळी त्यानंतर." नवा चट्टा आणि गोळीपूर्वीची वेळ, या दोन्ही गोष्टींना महत्त्व आहे, कारण स्टेरॉइड पोटात गेल्यावर कातडीतील पुरावा विरू लागतो, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यास काही निश्चित सांगणे अवघड होते. तुकडा म्हटले की आपल्याकडे माणसे गर्भगळित होतात. हत्यार लागले की रोग पसरतो, ही समजूत सुशिक्षितांतही आहे. वस्तुतः जागा बधिर करून काढलेला तो तुकडा काही मिलिमीटरांचा असतो, वर एखाद-दुसरा टाका पडतो, आणि त्याने कर्करोग पसरत नाही. माझ्या दंडावरील त्या टाक्याची खूण आता शोधावी लागते.

अहवालात न्यूट्रोफिलांची दाट गर्दी, त्वचेच्या वरच्या थरात सूज, रक्तवाहिन्यांच्या भिंती शाबूत आणि जंतूंचा मागमूस नाही, असे आले. येथपर्यंत स्वीट सिंड्रोमचे निदान झाले. पण डॉक्टरबाईंनी येथे लेखणी खाली ठेवली नाही, यातच त्यांचे मोठेपण. त्यांनी रक्ताचे जुने अहवाल मागितले: हल्लीचा एक नव्हे, असतील तितके सगळे.

आमच्या घरी कागद फेकण्याची चाल नाही, हे माझ्या नोकरीचे फळ. सूनबाईंनी पिशवीतून निरनिराळ्या प्रयोगशाळांचे, निरनिराळ्या निमित्तांनी केलेले अहवाल काढले आणि टेबलावर तारीखवार मांडले. एकेकटा घेतला तर त्यांतील कोणताही अहवाल भयप्रद नव्हता. परंतु ते ओळीने मांडल्यावर जे दिसले ते मी, जन्मभर फेरफाराच्या नोंदी वाचण्यात घालविलेला माणूस, डॉक्टरबाईंनी बोट ठेवण्यापूर्वीच वाचू शकलो: हिमोग्लोबिन बारांच्या वरून उतरत उतरत नऊच्या खाली आले होते, प्लेटलेट दोन लाखांवरून लाखाच्या आत गेल्या होत्या, आणि तांबड्या पेशींचा सरासरी आकार, जो अहवालात एमसीव्ही या नावाने असतो आणि ज्याकडे कोणी पाहत नाही, तो शंभराच्या पुढे सरकत गेला होता. तांबड्या पेशी मोठ्या होण्याचे आपल्याकडील नेहमीचे कारण म्हणजे बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव. आम्ही शाकाहारी, तेव्हा तसे समजून मला बी-१२ ची इंजेक्शने पूर्वीच दिली गेली होती. ती देणे वाजवी होते. मात्र त्यानंतर रक्त वाढले का, याची खातरजमा व्हावयाची राहून गेली होती. इंजेक्शने संपली, आणि तेही प्रकरण शेरा मारून बंद झाले होते.

वाचकांनी या ठिकाणी जरा थांबावे, अशी माझी विनंती आहे. रक्ताच्या साध्या तपासणीचा, ज्याला सर्वजण सीबीसी म्हणतात, अहवाल हा एकेकटा वाचावयाचा कागद नव्हे. घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचे असे अहवाल तारखेच्या क्रमाने एका ठिकाणी ठेवावेत, आणि डॉक्टरांपुढे जाताना शेवटचाच न नेता सगळे न्यावेत. लोह किंवा बी-१२ देऊन काही महिन्यांत हिमोग्लोबिन चढले नाही, तर तेच औषध पुन्हा सुरू करण्याआधी चढले का नाही हे विचारावे. आणि अंगावर दुखरे चट्टे व ताप यांच्या जोडीला रक्त उतरलेले असेल, प्लेटलेट कमी असतील, किंवा या विकारात ज्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असावयाच्या त्याच कमी भरत असतील, तर रक्तरोगतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये.

अहवालांची ती ओळ पाहून मला अस्थिमज्जेच्या तपासणीसाठी धाडण्यात आले. ही तपासणी कमरेच्या मागील हाडातून होते. कातडी आणि हाडाचा वरचा पापुद्रा बधिर होतो, हाडाच्या आतला भाग होत नाही. म्हणून मज्जा ओढून घेतानाचा एक क्षण चांगलाच जाणवतो, हे आधी सांगितलेले बरे. माझ्या मज्जेत अपक्व पेशींचे प्रमाण शेकडा बारांच्या आसपास निघाले. विसांची मर्यादा ओलांडली की त्यास ल्युकेमिया म्हणतात. मी त्या उंबरठ्याच्या अलीकडे, म्हणजे मायलोडिस्प्लासियात, होतो.

उपचारांसाठी मला मुंबईस जावे लागले. त्यांचा विस्तार करीत नाही. ते प्रत्येकाचे निराळे असतात. ॲझासिटिडीन नावाचे इंजेक्शन अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात सात दिवस पोटाच्या कातडीखाली घ्यावे लागते, आणि रक्ताच्या पिशव्या वरचेवर लागतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ पासून हे काम करीत आहे, आणि त्याच्या आसपास रुग्णांचा जो अफाट समुदाय असतो, त्यात गावाकडच्या माणसाची पहिली अडचण रोगाची नसून मुक्कामाची असते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागांची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली काय मिळेल, हे त्या योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्रास शिधापत्रिका व आधार दाखवून पहिल्याच दिवशी विचारावे. खर्च होऊन गेल्यावर विचारण्यात अर्थ नसतो. प्लेटलेट केवळ पाच दिवस टिकतात, म्हणून नातलगांनी एकाच दिवशी उत्साहाने रक्तदान करण्यापेक्षा पाळीपाळीने यावे. आमच्या भाच्याने याचे एक वेळापत्रक केले होते, आणि त्यात गावच्या तालमीतील पोरांची नावे माझ्या आप्तांहून अधिक होती.

उपचार चालू असताना दोन गोष्टींनी मला पुन्हा गोंधळात पाडले असते, परंतु डॉक्टरांनी आधीच सावध केले होते. पांढऱ्या पेशी वाढविण्यासाठी जी-सीएसएफ नावाचे इंजेक्शन देतात, ते स्वतःच स्वीट सिंड्रोम उठविणाऱ्या औषधांत अग्रगण्य आहे. तेव्हा ते देण्याचा प्रसंग आला तर पूर्वी आपल्याला हा विकार होऊन गेला असल्याचे प्रत्येक नव्या डॉक्टरास सांगावे. कोट्रायमॉक्सॅझोल, मिनोसायक्लिन, ॲझाथायोप्रिन या औषधांनीही तो उठल्याच्या नोंदी आहेत. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एकदा निदान झाले म्हणजे पुढचा प्रत्येक ताप त्याच खात्यावर मांडण्याची वृत्ती होते. परंतु न्यूट्रोफिल घटलेल्या रुग्णाचा ताप हा खऱ्या जंतुसंसर्गाचाही असू शकतो, आणि तो असल्यास रात्र उलटू देण्याची सोय नसते. अशा वेळी घरी असलेली स्टेरॉइडची गोळी घेऊन वाट पाहणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. रुग्णालय गाठावे, रक्ताची जंतुपरीक्षा होऊ द्यावी, जंतुनाशके सुरू होऊ द्यावीत. चट्ट्यांचा विचार त्यानंतर.

स्टेरॉइडविषयी दोन शब्द अधिक. या रोगात ते औषध गुणकारी आहे आणि त्याचा बाऊ करून ते टाळणे हाही अविचारच. साधारणतः ते काही आठवडे देऊन क्रमाक्रमाने उतरवितात. एकदम बंद करीत नाहीत. साखर व रक्तदाब चढतो, आणि आपल्या देशात निद्रिस्त क्षयाची शक्यता नेहमीच असल्याने ते सुरू करण्यापूर्वी छातीचे चित्र पाहून घेतात. ते चालत नसेल तर पोटॅशियम आयोडाइड, कोल्चिसीन आणि डॅप्सोन ही जुनी, स्वस्त औषधे आहेत. डॅप्सोन हे कुष्ठरोगाचेही औषध असल्यामुळे ते माझ्या हाती पडले तेव्हा आमच्या त्या दूरच्या नातलगास आपला तर्क खरा ठरल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. याउलट रक्तशुद्धीच्या नावाखाली मिळणारे काढे व भस्मे मला अनेकांनी आणून दिली. त्यांच्या स्नेहाचा मी ऋणी आहे. पण ज्याची मज्जाच बिघडलेली आहे त्याने आत काय आहे हे न कळणारे भस्म पोटात घालू नये, आणि घातलेच असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

आता एक अगदी अलीकडची माहिती, जी माझ्या वयाच्या पुरुषांनी मनाशी ठेवावी. २०२० साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी पंचवीस पुरुषांच्या अभ्यासावरून व्हेक्सास नावाचा एक नवाच विकार उजेडात आणला. उतारवयात मज्जेतील पेशींमध्ये यूबीए-१ या जनुकाचा बदल घडून येतो. जनुक एक्स गुणसूत्रावरील असल्याने त्याचा फटका मुख्यतः पुरुषांना बसतो. आणि मग पुन्हा पुन्हा ताप, स्वीट सिंड्रोमसारखे चट्टे, कानाच्या किंवा नाकाच्या कूर्चेची सूज, फुप्फुसांचा दाह आणि मोठ्या तांबड्या पेशींचा पांडुरोग असे सगळे एकत्र येते. पूर्वी अशा रुग्णांची कानाची फाईल एकीकडे, कातडीची दुसरीकडे आणि रक्ताची तिसरीकडे राहत असे. माझ्या रक्तात तो बदल सापडला नाही. परंतु ज्याचे कान सुजतात आणि हिमोग्लोबिनही उतरते, त्याने ही तपासणी करता येईल का, हे विचारून घ्यावे.

माझी हकीकत पंचक्रोशीत पसरल्यामुळे लोक अंगावरचे चट्टे दाखवावयास येऊ लागले. त्यांत बहुतेकांना नायटे होते, एकाला नागीण होती. गेल्या वर्षी मात्र शेजारच्या गावच्या एका शिक्षिका आल्या: घसा येऊन गेल्यानंतर ताप आणि मानेवर, दंडावर तेच फुगीर, तांबडे चट्टे. त्यांना मी त्याच पाटीखालच्या रांगेत धाडले. तुकड्याच्या अहवालात स्वीट सिंड्रोम निघाला. रक्त संपूर्ण निर्दोष निघाले. तीस ते साठ वयाच्या स्त्रियांत, घशाच्या विकारामागून उठणारा, हा या रोगाचा सर्वाधिक आढळणारा आणि सौम्य प्रकार आहे. परंतु माझे नाव त्या घरात पोहोचलेले असल्यामुळे बाईंनी आपल्यालाही रक्ताचा कर्करोग होणारच असे धरून अन्न सोडले होते, आणि त्यांचे यजमान मज्जेची तपासणी करून टाकण्याचा आग्रह धरून बसले होते. सीबीसीत काहीच वावगे नसताना मज्जा तपासण्याची गरज नाही, असे त्यांना डॉक्टरबाईंनी सांगितले, व मीही जाऊन सांगितले. चट्टे पुन्हा उठू शकतात. या प्रकारात सुमारे तिघांपैकी एकाला ते उठतात. म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी पेशींच्या वर्गवारीसह सीबीसी करावी, वयाला साजेशा नेहमीच्या तपासण्या कराव्यात, आणि नवा चट्टा उठल्यास गोळी घेण्यापूर्वी त्या विभागात जावे, इतकेच त्यांना लिहून दिले आहे. यजमानांनी त्यासाठी एक स्वतंत्र फाईल केली आहे, आणि पुढील तपासणी दिवाळीच्या सुट्टीत, शाळा बुडू न देता, करण्याचे त्यांनी ठरविले आहे.